धमनीचे काप आणि काळाचा क्रम

रोगट धमनीचा तुकडा मेणात बसवून, त्याचा पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात सुईसारख्या पांढऱ्या फटी दिसतात. दोन्ही टोकांना निमुळत्या, कुठे समांतर, कुठे आडव्यातिडव्या. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवतात की हे कोलेस्टेरॉलचे स्फटिक. प्रत्यक्षात त्या जागी स्फटिक उरलेला नसतो. मेणात बसवण्याआधी ऊतीतले पाणी अल्कोहोलने काढावे लागते, मग अल्कोहोल झायलीनने काढावे लागते, आणि ही दोन्ही द्रव्ये जाता जाता चरबीही विरघळवून नेतात. काचेवर राहतो तो स्फटिकाच्या आकाराचा रिकामा साचा. शेजारच्या फुगलेल्या पेशींचेही तेच. त्यांच्या पोटातले मेदाचे थेंब निघून गेल्यामुळे त्या फेसाने भरल्यासारख्या दिसतात, आणि ‘फेसाळ पेशी’ म्हणूनच त्या ओळखल्या जातात. ज्या रोगात मेद हा मुख्य पदार्थ, त्याच्या नेहमीच्या स्लाइडवर मेदच नसतो. धमनीकाठिण्याच्या अभ्यासाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्या इतिहासातले महत्त्वाचे शोध भिंगाची ताकद वाढल्यामुळे लागलेले नाहीत. ऊती काचेवर येण्याआधी तिचे काय केले आणि एक काच दुसऱ्या कोणत्या काचेशेजारी ठेवली, यावर ते अवलंबून होते.

भिंगाबद्दलचे हे विधान धाडसी वाटेल, पण तारखा त्याच्या बाजूच्या आहेत. दृश्य प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक नैसर्गिक मर्यादा आहे, हे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सिद्धान्ताने दाखवले, साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू तो वेगळे दाखवू शकत नाही. १८८६ मध्ये येना येथील झाइस कारखान्याने आबे यांच्याच आराखड्यावर जी भिंगे बाजारात आणली, ती या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचलेली होती. त्यानंतर नेहमीच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या भेदनशक्तीत फारसा फरक पडला नाही. धमनीच्या भिंतीतली पेशी दहा-वीस मायक्रॉनची. ती पाहायला १८८६ चे भिंग पुरेसे होते. तरीही हृदयधमनीत गुठळी का होते, याचे सर्वमान्य उत्तर मिळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. मधल्या शंभर वर्षांत भिंग तेच होते, बदलत गेले ते बाकीचे सगळे.

वादाची सुरुवात व्हिएन्ना आणि बर्लिन या दोन शहरांत झाली. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात कार्ल रोकिटान्स्की यांनी आपल्या कारकिर्दीत सुमारे ३० हजार शवविच्छेदने केली असे सांगितले जाते. धमन्यांच्या आतल्या बाजूला बसलेली पिवळट, जाड, कधी चुन्यासारखी कडक झालेली पुटे त्यांनी असंख्य वेळा पाहिली होती. १८४० च्या दशकातल्या आपल्या ग्रंथात आणि १८५२ च्या धमनीरोगांवरील प्रबंधात त्यांनी मांडले की ही पुटे रक्तातून येतात. रक्तातले घटक भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर साचतात आणि थरावर थर चढतो. बर्लिनचे रुडॉल्फ विर्खो यांना हे मान्य नव्हते. फेब्रुवारी ते एप्रिल १८५८ या काळात त्यांनी डॉक्टरांपुढे वीस व्याख्याने दिली, आणि तीच पुढे पेशीविकृतिशास्त्राचा पाया ठरली. त्यांत त्यांनी धमनीचा दाखला घेतला. पुटाच्या वर भिंतीचे आतले अस्तर अखंड दिसते, मऊ पडलेला भाग त्या अस्तराच्या खाली असतो, आणि पुटाचे धागे आजूबाजूच्या ऊतीत सलग मिसळलेले असतात. बाहेरून येऊन चिकटलेला थर असा दिसणार नाही. म्हणून, विर्खो म्हणाले, हा भिंतीच्या आतला दाह आहे. आधी ऊती चिडते, वाढते, मग तिच्या पेशींत मेद भरतो आणि त्या मरतात.

विर्खो पाहत कसे होते, हे इथे पाहण्यासारखे आहे. ताज्या ऊतीचे वस्तऱ्याने हाताने काढलेले काप, केंद्रके उठून दिसावीत म्हणून त्यांवर थोडे ॲसिटिक आम्ल, आणि बाकी जवळजवळ काही नाही. मेण नव्हते, झायलीन नव्हते. काप जाड आणि ओबडधोबड असत, पण त्यांतली चरबी जागच्या जागी असे. कोलेस्टेरॉलचे चौकोनी, पातळ पापुद्रे विर्खो यांना खरोखर दिसत होते, पेशींमधले चकाकणारे थेंबही दिसत होते. पुढच्या पन्नास वर्षांत तंत्र सुधारले, मेणात बसवलेल्या ऊतीचे पाच मायक्रॉनचे नितळ काप यंत्रावर निघू लागले, १८९३ मध्ये फॉर्मॅलिन आले, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनच्या जांभळ्या-गुलाबी रंगांनी प्रत्येक केंद्रक स्पष्ट झाले. आणि त्याच सुधारणेने धमनीतला मेद पुसून टाकला. प्रगती म्हणून आलेल्या पद्धतीने रोगाचा मुख्य पुरावा धुऊन नेला, आणि स्लाइडवर उरलेला तंतूंचा व पेशींचा पसारा पाहून धमनीकाठिण्य म्हणजे मुख्यतः म्हातारपणीची झीज आणि तिची डागडुजी, असे मानणाऱ्यांना बळ मिळाले. तो मेद पुन्हा दिसायला ऊती मेणाऐवजी गोठवून कापावी लागली आणि चरबीतच विरघळणारे रंग वापरावे लागले. सूदान हा असा लाल रंग १८९६ मध्ये या कामी आला.

विर्खो आणि रोकिटान्स्की यांच्यात कोण बरोबर होते, हे त्या काळी ठरले नाही. पाठ्यपुस्तकांत विर्खो जिंकल्याचे लिहिलेले असते. माझ्या मते ते निकालापेक्षा प्रतिष्ठेचे वर्णन आहे. दोघांनी पाहिलेले खरे होते. अडचण अशी की मृत माणसाच्या धमनीचा एक काप म्हणजे जत्रेचा एकच फोटो; गर्दी दिसते, पण आधी कोण आले आणि नंतर कोण, हे त्यावरून सांगता येत नाही. मेदाने भरलेली पेशी, मेलेल्या पेशींचा लगदा, तंतूंचे जाळे, कॅल्शियमचे खडे, रक्ताचे अंश, हे सगळे एकाच पुटात शेजारी शेजारी बसलेले असते. विर्खो यांनी दाह आधी आणि मेद नंतर असा क्रम लावला. मेद आधी आणि दाह नंतर असाही लावता आला असता. तो क्रम काचेवर लिहिलेला नव्हता, पाहणाऱ्याने तो बाहेरून आणला होता. सूक्ष्मदर्शकात जे दिसते ते जागेचे सत्य असते. काळाचे सत्य मिळवायला वेगळी सोय करावी लागते.

ती सोय सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत झाली, आणि ती एका चुकीच्या कल्पनेतून झाली. इल्या मेच्निकोव्ह या जीवशास्त्रज्ञांच्या विचारांचा तेव्हा प्रभाव होता. आहारातली अति प्रथिने शरीराला विषासारखी बाधतात आणि वार्धक्य ओढवून घेतात, असा एक समज होता. तो तपासण्यासाठी इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली. १९०८ मध्ये त्यांनी जाहीर केले की सशांच्या महाधमनीत माणसासारखीच पुटे तयार झाली आहेत. स्लाइड निर्दोष होती, निष्कर्ष मात्र चुकला. दोष प्रथिनांवर गेला. त्याच अकादमीतल्या स्टुकी यांनी आहाराचे घटक सुटे करून पाहिले. मांसाचा रस दिला, काही झाले नाही. अंड्यातला पांढरा भाग दिला, काही झाले नाही. पिवळा बलक दिला, किंवा मेंदू दिला, तर धमन्या बिघडल्या. बलक आणि मेंदू या दोहोंत समान काय, याचा विचार करून निकोलाय आनिच्कोव्ह आणि सेमयोन खलातोव्ह या दोन तरुणांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले. दुसऱ्या सशांना नुसते तेल. तेलवाल्या सशांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या, कोलेस्टेरॉलवाल्यांच्या महाधमनीत पुटे आली. हे निष्कर्ष १९१३ मध्ये जर्मन नियतकालिकात छापून आले. त्याआधी तीनच वर्षे, १९१० मध्ये, आडोल्फ विंडाऊस या रसायनशास्त्रज्ञांनी माणसाच्या रोगट महाधमनीत निरोगी महाधमनीच्या कित्येक पट कोलेस्टेरॉल असते हे मोजून दाखवले होते. पुढे १९२८ मध्ये त्यांना स्टेरॉलांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

आनिच्कोव्ह यांचे मोठेपण सशांना कोलेस्टेरॉल चारण्यात आहे असे सहसा सांगितले जाते. मला ते त्यांच्या काचांच्या मांडणीत दिसते. त्यांनी सशांना वेगवेगळ्या मुदतींपर्यंत कोलेस्टेरॉल दिले आणि टप्प्याटप्प्याने त्यांच्या धमन्या काढल्या. ऊती मेणात घातली नाही. गोठवून कापली, सूदानने रंगवली, आणि न रंगवलेले काप ध्रुवित प्रकाशात पाहिले. कोलेस्टेरॉलच्या संयुगांचे थेंब या प्रकाशात काळ्या पार्श्वभूमीवर उजळतात, आणि प्रत्येक थेंबात एक काळा क्रूस दिसतो. साध्या चरबीचा थेंब तसा उजळत नाही. म्हणजे पेशीत केवळ मेद आहे एवढेच नव्हे, तो कोणता मेद आहे हेही त्यांना रसायनशाळेत न जाता भिंगाखालीच सांगता येत होते. अशा काचा मुदतीच्या क्रमाने शेजारी ठेवल्यावर रोगाची वाटचाल दिसू लागली. सुरुवातीला अस्तराखाली, धमनीच्या कमानीत आणि फाटे फुटतात त्या जागांजवळ, मेदाचे बारीक थेंब. मग तिथे गोळा झालेल्या पेशी, ज्यांतल्या बऱ्याच रक्तातून आत शिरल्या असाव्यात असे त्यांनी लिहिले. या पेशी थेंब गिळून फुगतात. मग तंतूंची वाढ, आतला लगदा आणि त्यावर तंतुमय आवरण. विर्खो यांनी मानलेल्या क्रमात एक दुरुस्ती झाली. दाह होता, पेशीही होत्या, पण मेद त्यांच्या आधी आला होता. पुढे कोलेस्टेरॉल देणे थांबवून, महिनोन्महिने वाट पाहून त्यांनी उलट दिशेच्या काचाही तयार केल्या. थेंब हळूहळू कमी झाले, फेसाळ पेशी विरळ झाल्या, मागे तंतुमय व्रण राहिला. पुट मागे फिरू शकते, हे आज औषधांच्या जाहिरातीतही सांगितले जाते. त्याची पहिली पुरावादर्शक चित्रे १९२० च्या दशकातल्या या सशांची आहेत.

मग जगाने हे ताबडतोब का स्वीकारले नाही? भाषेची अडचण होती, असे एक उत्तर देतात. ते टिकत नाही. आनिच्कोव्ह यांनी त्या काळच्या वैद्यकाची मुख्य भाषा असलेल्या जर्मनमध्ये लिहिले, फ्रायबुर्गला लुडविग आशॉफ यांच्यासारख्या नामवंताच्या प्रयोगशाळेत काम केले, आणि १९३३ मध्ये न्यूयॉर्कमधून निघालेल्या धमनीकाठिण्यावरील मोठ्या ग्रंथात त्यांचे इंग्रजी प्रकरण आहे. वाचायचे होते त्यांना वाचता येत होते. खरा आक्षेप सशावर होता, आणि तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. ससा गवत खाणारा प्राणी. निसर्गतः त्याच्या आहारात कोलेस्टेरॉल नसते. त्याला ते चारले की त्याच्या रक्तातली पातळी माणसात क्वचितच दिसेल इतकी वर जाते. उंदीर आणि कुत्रे यांना तेच चारून पाहिले तर काहीच झाले नाही. म्हणून, टीकाकार म्हणाले, हा सशाचा रोग आहे, माणसाचा नाही.

या आक्षेपाचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले आणि दोन्ही टप्प्यांत निवाडा पुन्हा स्लाइडनेच केला. कुत्रा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून टाकतो, त्यामुळे त्याच्या रक्तातली पातळीच वाढत नाही. १९४६ मध्ये स्टायनर आणि केंडॉल यांनी कुत्र्यांना कोलेस्टेरॉलबरोबर थायरॉइड मंदावणारे औषध दिले. रक्तातली पातळी चढली आणि त्यांच्याही धमन्यांत पुटे आली. प्रजातींतला फरक धमनीच्या भिंतीत नव्हता, रक्तात होता. दुसरा टप्पा जपानमध्ये. १९७३ मध्ये कोबे येथे योशिओ वातानाबे यांना एक ससा असा सापडला की ज्याच्या रक्तात साधा चारा खाऊनही कोलेस्टेरॉल भरमसाट होते. त्याच्या वंशावळीतून त्यांनी सशांची एक जात तयार केली. या सशांना कोणी काही अनैसर्गिक चारले नव्हते, आणि तरी त्यांच्या धमन्यांत माणसासारखी, तंतुमय आवरणाची पुटे वाढली. त्यांच्या पेशींवर कोलेस्टेरॉल उचलणारे ग्राहक सदोष होते. नेमका हाच दोष ब्राउन आणि गोल्डस्टाइन या संशोधकांनी एका आनुवंशिक रोगाच्या माणसांत दाखवला होता. ‘ससा म्हणजे माणूस नव्हे’ हे वाक्य खरेच राहिले, पण त्याने आनिच्कोव्ह यांच्या काचा खोट्या ठरल्या नाहीत.

दुसरी एक शंका उरते, की मेलेल्यांच्या धमन्या पाहून जिवंतांच्या रोगाबद्दल काय सांगणार? शवविच्छेदनात येतात ते बहुधा म्हातारे, रोगाने गाठलेले. यावर सर्वांत बोचरे उत्तर कोरियाच्या युद्धाने दिले. विल्यम एनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासली. सरासरी वय २२ वर्षे. त्यांपैकी ७७.३ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. हे तरुण गोळीने मेले होते, हृदयविकाराने नव्हे. १९५३ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा धमनीकाठिण्य म्हणजे उतारवयाची अपरिहार्य झीज, ही समजूत मोडायला लागली. आणि हा रोग फक्त आजच्या सुबत्तेचा आहे असे म्हणणाऱ्यांना कैरोच्या मार्क आर्मंड रफर यांचे १९११ चे काम आडवे येते. इजिप्तच्या ममींच्या धमन्या चामड्यासारख्या वाळलेल्या असतात. त्या कापल्या तर चुरा होतो. रफर यांनी अल्कोहोल आणि सोडियम कार्बोनेटचे पाण्यातले मिश्रण तयार करून त्यात त्या भिजवल्या, मऊ केल्या, मग काप काढले. हजारो वर्षांपूर्वीच्या भिंतींतले कॅल्शियमचे साठे त्यांना भिंगाखाली दिसले. इथेही शोध भिंगाचा नव्हता, भिजवण्याच्या द्रवाचा होता.

आता रोकिटान्स्की यांच्याकडे परत यायला हवे, कारण त्यांच्यावर इतिहासाने अन्याय केला होता. रक्त भिंतीवर साचते, ही त्यांची कल्पना ऐंशी-नव्वद वर्षे जुनाट म्हणून बाजूला पडली होती. १९४६ मध्ये जे. बी. डुगिड या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टनी ती पुन्हा पुढे आणली. गुठळीतली फायब्रिनची जाळी वेगळी दाखवणाऱ्या रंगांनी त्यांनी पुटे रंगवली, आणि पुटांच्या पोटात जुन्या गुठळ्यांचे थर सापडले; वरून अस्तर वाढून झाकले गेलेले, आत जिरत चाललेले. पुटाच्या वर अस्तर अखंड असते हे विर्खो यांचे निरीक्षण बरोबर होते, पण ते अस्तर नंतरही आलेले असू शकते, ही शक्यता त्यांनी धरली नव्हती. दोन विरोधी सिद्धान्तांना एकाच पुटात जागा आहे हे यातून उघड झाले. मात्र एक प्रश्न तसाच राहिला, आणि तोच रुग्णाच्या जिवाशी निगडित होता: वर्षानुवर्षे शांत असलेल्या पुटावर एखाद्या दिवशी अचानक गुठळी का होते?

याचे उत्तर एका परीने १८४४ मध्येच कोणीतरी लिहून ठेवले होते. त्या वर्षी २४ मार्चला डेन्मार्कचे थोर शिल्पकार बर्टेल थोरवाल्डसेन कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये बसल्या जागी कोसळून मरण पावले. शवविच्छेदनाच्या अहवालात त्यांच्या हृदयधमनीतले एक पुट फुटून आतला लगदा धमनीच्या पोकळीत आल्याची नोंद आहे. उघड्या डोळ्यांनी दिसण्याइतके ते ढळढळीत होते. पण एका नामांकित माणसाच्या मृत्यूची ती नोंद तशीच राहिली, कारण बहुतेक मृतांत अशी फट कोणाला दिसत नव्हती. १९३० च्या दशकात काहींनी पुटाच्या आत झालेल्या रक्तस्रावाचे वर्णन केले आणि त्याचा उगम पुटात वाढलेल्या केशवाहिन्या फुटण्यात आहे असे मानले. तर्क वाजवी होता, कारण काचेवर रक्त पुटाच्या आत दिसत होते आणि वरचे आवरण सलग दिसत होते.

आवरण सलग दिसत होते, ते कापण्याच्या सवयीमुळे. हृदयधमनी तपासताना ती काही मिलिमीटरच्या अंतराने आडवी कापायची आणि प्रत्येक तुकड्यातून एखादा काप रंगवायचा, असा रिवाज होता. काप पाच मायक्रॉनचा. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे २०० काप बसतात, आणि एक सेंटिमीटर लांब गुठळी पूर्ण पाहायची तर २,००० काप. आवरणातली फट बहुधा मिलिमीटरभरही लांब नसते. दोन तपासलेल्या कापांच्या मध्ये ती अख्खी हरवू शकते, आणि हरवतच होती. कॅनडात काम करणारे पारिस कॉन्स्टँटिनिडिस यांनी हा रिवाज सोडला. हृदयधमनीतल्या प्राणघातक गुठळ्यांच्या संपूर्ण लांबीतून त्यांनी एकामागून एक सलग काप काढले आणि क्रमाने तपासले. १९६६ मध्ये त्यांनी मांडले की गुठळीचा माग काढत गेले की ती आवरणातल्या फटीपर्यंत पोहोचते, आणि पुटाच्या आतले रक्त बहुधा त्याच फटीतून पोकळीतून आत घुसलेले असते. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रीडमन यांच्या गटानेही सलग कापांनी तसेच दाखवले. आनिच्कोव्ह यांनी काचा काळाच्या दिशेने लावल्या होत्या. इथे त्या लांबीच्या दिशेने लागल्या. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करून पाहावी. हजारो काचा, प्रत्येकीवर क्रमांक, बहुतेकींवर नवे काही नाही, आणि तरी एकही गाळायची नाही. विज्ञानाच्या इतिहासात प्रतिभेची वर्णने खूप होतात, अशा चिकाटीची फार कमी, याची खंत वाटते.

तरीही वाद मिटला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रतिष्ठित पॅथॉलॉजिस्टांचे एक मत असे होते की गुठळी हे हृदयविकाराच्या झटक्याचे कारण नसून परिणाम आहे. हृदयाचा स्नायू आधी मरतो, रक्त मंदावते, मग गुठळी होते. त्यांच्या म्हणण्यालाही शवविच्छेदनांचाच आधार होता, कारण लगेच मेलेल्यांत गुठळ्या कमी आणि काही दिवसांनी मेलेल्यांत जास्त सापडत. इथे माझ्या प्रतिपादनाला एक मर्यादा मान्य केली पाहिजे. हा पेच सूक्ष्मदर्शकाने सुटला नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन येथील मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच जिवंत रुग्णांच्या हृदयधमन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेतली. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद होती. १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांत ६५ टक्के. गुठळी आधी असते आणि नंतर काहींत विरघळते, हे यातून कळले. पण ती का होते, हे क्ष-किरण सांगू शकत नव्हते. ते काम लंडनच्या मायकेल डेव्हिस यांनी केले. अचानक हृदयविकाराने मेलेल्या १०० जणांच्या धमन्या त्यांनी आणि अँथनी थॉमस यांनी बारकाईने तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. ७४ जणांत पोकळीत गुठळी होती, आणि उरलेल्या २६ पैकी २१ जणांतही पुटाला फट पडलेली होती. गुठळी विरघळवणारी औषधे झटक्याच्या पहिल्या तासांत देण्याची पद्धत याच दशकात रूढ झाली.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काय, असे कोणी विचारील. तो विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. पुटातल्या लांबट पेशी या धमनीच्या मध्यस्तरातून आलेल्या स्नायुपेशी आहेत, हे १९६० च्या सुमारास ठामपणे सांगता आले ते बरेचसे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे. ते श्रेय त्याचेच. पण तो एका वेळी ऊतीचा इतका छोटा कण दाखवतो की पुटभर कोणती पेशी कुठे आहे याचा नकाशा त्याला काढता येत नाही. तो नकाशा १९८० च्या दशकात निघाला, जेव्हा स्नायुपेशी आणि भक्षक पेशी यांना वेगवेगळे पकडणारी प्रतिपिंडे तयार झाली आणि ती साध्या सूक्ष्मदर्शकाच्या कापावर रंग म्हणून वापरता आली. फेसाळ पेशींतल्या बऱ्याच रक्तातून आलेल्या भक्षक पेशी आहेत, हे त्यातून पक्के झाले. आनिच्कोव्ह यांनी तो तर्क त्याच्या सत्तर वर्षे आधी सूदान आणि ध्रुवित प्रकाशाच्या बळावर केला होता.

फाटलेल्या आवरणांची मोजणी पुढे भारतात शिकून अमेरिकेत गेलेल्या पॅथॉलॉजिस्ट रेणू विरमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैन्यदलाच्या पॅथॉलॉजी संस्थेत केली. फुटलेल्या पुटांचे आवरण फटीजवळ किती जाड असते हे त्यांनी काचेवर मोजले. बहुतेक सगळी मापे ६५ मायक्रॉनच्या आत आली, आणि १९९७ पासून तोच आकडा धोक्याच्या पातळ आवरणाची व्याख्या बनला. सगळे मृत्यू फटीमुळे होत नाहीत, हेही याच गटाने दाखवले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० मृत्यूंच्या अभ्यासात २८ जणांचे पुट फुटले होते, उरलेल्या २२ जणांत ते अखंड होते आणि फक्त वरचे अस्तर खरवडल्यासारखे गेलेले होते. अशांत स्त्रिया आणि तरुण यांचे प्रमाण अधिक होते. आज जिवंत रुग्णाच्या हृदयधमनीत बारीक नळी घालून, अवरक्त प्रकाशाने आवरणाची जाडी दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंतच्या बारकाईने पाहता येते, आणि तिथे कसोटी म्हणून पुन्हा तो ६५ चाच आकडा लावला जातो. पण तो आकडा फॉर्मॅलिन, अल्कोहोल आणि मेण यांतून गेलेल्या, म्हणून आकसलेल्या ऊतीवर मोजलेला आहे. जिवंत धमनी आकसलेली नसते. शिवाय तो फुटून गेलेल्या पुटांवरून काढलेला आहे, तर रुग्णात पाहायची असतात ती अजून न फुटलेली पुटे, ज्यांतली बहुतेक पुढे फुटतही नाहीत; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९७ रुग्णांच्या पाहणीत, पातळ आवरणाची म्हणून नोंदलेल्या पुटांपैकी थोडीच तीन वर्षांत त्रासदायक ठरली. जिवंत माणसासाठी ही सीमारेषा कुठे ओढायची, यावर संशोधकांत अजून एकमत झालेले नाही.